न दिसलेल्या ग्रहाची साक्ष

जो ग्रह कुणी पाहिलाच नाही, त्याचा 'शोध' लागला असे म्हणायचे कसे? एका ग्रहाची अधिक्रमणे, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणे, ठरल्या वेळेच्या मागेपुढे होतात, म्हणून शेजारी दुसरा ग्रह असला पाहिजे, हा तर्क झाला. हा आक्षेप वारंवार ऐकू येतो आणि त्याला व्हल्कनचा आधार दिला जातो. ज्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेर्येने युरेनसच्या गतीवरून १८४६ मध्ये नेपच्यूनची जागा सांगितली, त्यानेच बुधाच्या गतीवरून सुचवलेला व्हल्कन हा ग्रह कधी सापडला नाही.

पण अधिक्रमण करणारा ग्रह तरी कुणाला दिसतो? केप्लर अवकाश दुर्बिणीने टिपली ती ताऱ्याच्या प्रकाशातली किंचित घट. एकमेकांना झाकणारे जोडतारेही तशी घट घडवतात. म्हणजे तिथेही अनुमानच आहे. उलट केप्लर-९ या ताऱ्याभोवतीच्या दोन ग्रहांची खात्री २०१० मध्ये पटली ती वेळांमुळेच: एकाचा प्रदक्षिणाकाळ दर फेरीला सुमारे ४ मिनिटांनी वाढत होता, दुसऱ्याचा ३९ मिनिटांनी घटत होता. अशी देवघेव एकमेकांना ओढणाऱ्या ग्रहांतच होते. शिवाय अधिक्रमणातून ग्रहाचा आकार कळतो, वस्तुमान मात्र अशा ओढीवरून काढता येते.

आक्षेपाचा एक भाग मला मान्य आहे. केप्लर-१९ च्या ग्रहाची वेळ सुमारे ५ मिनिटांनी मागेपुढे होते, हे २०११ मध्ये कळले. ओढणारा आहे हे नक्की झाले, पण त्याची कक्षा ठरेना, कारण अनेक कक्षा त्याच वेळा देऊ शकत होत्या. अडचण होती ती उत्तर एकच नसण्याची. ग्रह न दिसण्याशी तिचा संबंध नव्हता.

ही अडचण सुटू शकते. केप्लर-८८ हा तारा पाहा. तिथला आतला ग्रह सुमारे ११ दिवसांत फेरी मारतो आणि त्याच्या अधिक्रमणाची वेळ तब्बल १२ तासांपर्यंत सरकते. अधिक्रमणाचा कालावधीही त्याच तालात काही मिनिटांनी बदलतो. खगोलशास्त्रज्ञ नेस्वोर्नी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या दोन्ही नोंदी एकत्र सोडवल्या, तेव्हा उत्तर एकच उरले: सुमारे २२.३ दिवसांच्या कक्षेत फिरणारा, गुरूच्या जवळपास दोन-तृतीयांश वस्तुमानाचा ग्रह, जो आपल्या बाजूने ताऱ्यासमोरून जातच नाही. मग फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत सोफी वर्णपटमापकाने ग्रहाच्या ओढीने होणारी ताऱ्याची डगमग स्वतंत्रपणे मोजली गेली. ती सुमारे २२ दिवसांचीच निघाली आणि वस्तुमानही जुळले.

राहिला व्हल्कन. बुधाची कक्षा हळूहळू फिरते, त्यात हिशेबाबाहेर उरत होता तो एकच आकडा, शतकाला ४३ विकला, आणि एका आकड्यावर अनेक कारणे बसवता येतात. म्हणूनच आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने १९१५ मध्ये तो नव्या ग्रहाशिवाय सोडवला. केप्लर-८८ मध्ये मात्र वेळांची सगळी वक्ररेषा, तिच्या बारीक वळणांसकट, एकाच कक्षेने जुळवायची होती. शिवाय व्हल्कनला खोटे पाडले ते वेधांनीच, आणि त्याच कसोटीवर केप्लर-८८ चा लपलेला ग्रह टिकला. केप्लर-१९ च्या ओढणाऱ्या ग्रहाची कक्षाही २०१७ मध्ये ताऱ्याच्या डगमगीवरून निश्चित झाली: २८.७ दिवस.