बिल्ला, पंगत आणि ठराव

मी जिनिंग मिलमध्ये काम करतो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. कापसाचा हंगाम लागला की अंगावर रुईचा थर, नाकात सरकीची धूळ. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांतून, पाळी सुटल्यावर. तेव्हा इतिहास मी पंडितासारखा लिहिणार नाही. एक सवाल पडला, त्याचा माग काढत गेलो, तेवढंच सांगतो.

सवाल पडला एका मंडपात. शिक्षकांचं शैक्षणिक अधिवेशन होतं. मिलला सुटी, म्हणून मी रोजंदारीवर खुर्च्या लावायला गेलेलो. तिथं छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावून आमचे गुरुजी भात वाढत होते. आमच्याच वस्तीतले. ज्यांनी माझा हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घेतला, ते.

"गुरुजी, तुम्ही अन् वाढायला?"

"आरं, कुणीतरी वाढायलाच लागतंय की. तू बी बस पंगतीला. उपाशी राबू नको."

बसलो. शेजारी एक हेडमास्तर, पलीकडं कुणी केंद्रप्रमुख. कुणी जात पुसली नाही. घास तोंडात होता अन् डोक्यात आलं, ही पंगत इतकी सोपी फुकट झाली का? आणि परिषदेत राबणारा आपला मास्तर आला कुठून?

१९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन ठेवलं. त्यात मास्तराबद्दल साफ मागणी आहे. मास्तर शेतकऱ्याच्या जातींतून तयार करा. तो पोरांत मिसळेल, वेळ पडली तर नांगराला हात लावील. अन् त्याला महिना बारा रुपयांच्या खाली पगार नको. म्हणजे मास्तर खालून यावा आणि त्याचं पोट भरलेलं असावं, दोन्ही गोष्टी जोतीरावांनी एकाच कागदावर मांडल्या. पगाराची मागणी म्हणजे स्वार्थ, असं म्हणणाऱ्यानं हा कागद आधी वाचावा.

असा खालून आलेला एक मास्तर म्हणजे सीताराम नामदेव शिवतरकर. चर्मकार समाजातले. मुंबईत म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे. २० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिचे हे चिटणीस. सभेची कचेरी परळला दामोदर हॉलमध्ये, ऐन गिरणगावात. दिवसा फळा-खडू, बाकी वेळ सभेची कामं. पुढच्याच वर्षी, ४ जानेवारी १९२५ ला, सभेनं सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडलं. बोललेलं शब्दात राहिलं नाही, पोरांच्या डोक्यावर छप्पर झालं.

मग महाड. १९ आणि २० मार्च १९२७. चवदार तळं सगळ्यांना पाठ आहे. पण तिथले ठराव किती जणांना ठाऊक? प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करा, अस्पृश्यांच्या वसतिगृहांना मदत द्या, ही मागणी त्याच मंडपातली. आणि त्या मंडपातलं पाणी? चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घेतलेलं होतं. दोस्तांनो, शिक्षण मागायला जमलेल्या माणसांना प्यायचं पाणी विकत घ्यावं लागत होतं. आज अधिवेशनात कुणी पाण्याचा जार उचलताना दिसला की मला ते चाळीस रुपये आठवतात.

आता पंगतीची गोष्ट. जाईबाई चौधरी. जन्म १८९२, नागपूरजवळच्या उमरेडचा. घरची गरिबी, ओझी वाहण्याचं काम केलं. एका मिशनरी बाईनं महिना चार रुपयांवर शिक्षिका म्हणून ठेवलं. महार बाई शिकवते म्हणून ओरड झाली आणि ती नोकरी गेली. बाई खचल्या नाहीत. १९२२ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली.

अखिल भारतीय महिला परिषद सुरू झाली तीच मुळी शिक्षण सुधारणेच्या नावानं, जानेवारी १९२७ ला पुण्यात. डिसेंबर १९३७ ला तिचं अधिवेशन नागपुरात भरलं. जाईबाई तिथं गेल्या. जेवायच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं. पंधरा वर्षं शाळा चालवणाऱ्या बाईला! शिकलेल्या बायकांनी! सुधारणा भाषणात होती, ताटापाशी मनूच होता. १ जानेवारी १९३८ ला दलित बायकांनी सभा घेऊन निषेध केला. आणि २० जुलै १९४२ ला त्याच नागपुरात आपल्या बायकांची स्वतःची परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे, पंचवीस हजारांच्या आसपास बाया. ज्यांना पंगतीतून उठवलं त्यांनी मंडपच नवा घातला.

तेव्हा आपलं बीड कुठं होतं? निजामाच्या राज्यात. सभा भरवायची तर आधी परवानगी. गश्ती निशाण ५३ नावाच्या फर्मानानं तोंडं बांधलेली. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, जे पुढं मिलिंद झालं. मराठवाड्यातल्या वस्त्यांत आपला शिकलेला मास्तर दिसायला लागला तो त्यानंतर. आमचे गुरुजी त्याच वाटेवरचे.

परत त्या मंडपात येतो. दुपारी ठराव वाचले गेले. पगार, बदल्या, जुनी पेन्शन. मी उभ्यानं ऐकले. एकही खोटा नव्हता. पण दिवाळीनंतर आमच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयत्यामागं आई-बाप आणि बैलगाडीत पोरं. त्यांच्या शाळेचा ठराव नव्हता.

संध्याकाळी गुरुजी पातेली घासत होते. मी हात लावला. त्यांनी खिशातून चतकोर कागद काढून दाखवला. ऊसतोडीला गेलेल्या पोरांची हजेरी आणि हंगामी वसतिगृह, यावर चार ओळी.

"दिला होता वर. म्हणले, पुढल्या वक्ताला बघू."

"मग?"

"मग काय. पुढल्या वक्ताला बी बिल्ला लावून येतो की."

दोस्तांनो, गुरुजींचा बिल्ला खरा आहे. पण एकट्याच्या चार ओळी खिशातच राहतात. यंदा कोयते निघायच्या आधी प्रत्येक वस्तीत जा. कुठलं पोर कुणासंगं कुठल्या कारखान्याला चाललंय, नावानिशी लिहून काढा. ती यादी आपल्या मास्तराच्या हातात द्या आणि त्याच्यासंगं मंडपात उभे राहा. वाढायला उभे राहा, खुर्च्या उचला, आणि ठरावाच्या वेळी यादी मोठ्यानं वाचा.

वाचू दिली नाही, तर जाईबाई आठवा. मंडप आपल्यालाही घालता येतो.

जयभीम.