मेकॅनिकल मॉड आणि व्होल्टेजची घट

हर्बर्ट गिल्बर्ट यांना अमेरिकेत 1965 साली धूरविरहित सिगारेटचे पेटंट मिळाले, तरी इलेक्ट्रॉनिक सिगारेट बाजारात रुजली ती चीनचे औषधतज्ज्ञ होन लिक यांच्या 2003 च्या सुमाराच्या रचनेनंतरच. तिच्या क्षीण बॅटरीवर असमाधानी असलेल्या हौशी कारागिरांनी विजेरीच्या नळ्यांपासून जी उपकरणे घडवली, त्यांतून ‘मेकॅनिकल मॉड’, म्हणजे नियंत्रक सर्किट नसलेली, केवळ नळी, बटण आणि 18650 प्रकारचा (18 मिमी व्यासाचा, 65 मिमी लांबीचा) लिथियम सेल असलेली रचना, पुढे आली.

अशा उपकरणांची तुलना ‘व्होल्टेज-घट’ या मापावर होऊ लागली. सेलचा दाब आणि प्रवाह चालू असताना तापतारेच्या टोकांशी प्रत्यक्ष पोहोचणारा दाब यांतील फरक म्हणजे ही घट. 4.2 व्होल्टच्या सेलवर 0.5 ओहमची तार असता मार्गात 0.02 ओहमचा जरी अडथळा आला, तरी सुमारे 0.16 व्होल्ट वाया जातात आणि तारेवरील शक्ती 35 वॅटवरून 33 च्या आत येते. तांब्याची नळी श्रेष्ठ, हा समज मात्र अतिरंजित होता, कारण स्टेनलेस पोलादाचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट असला, तरी दीड मिलिमीटर जाडीच्या नळीचा एकूण रोध एक मिलिओहमच्याही आत राहतो. खरी घट बटणाचा संपर्कबिंदू, मळलेले आटे आणि काळवंडलेली टोके येथे होत असे.