सावित्रीमाईचं १८६८ चं पत्र आपण वाचलं आहे का?

दर ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंना अभिवादन करतो. भिडेवाडा, १८४८, शेण-दगडांचा मारा... भाषण इथंच संपतं. माई 'पहिल्या शिक्षिका' म्हणून फोटोत बंद होतात. व्यवस्थेलाही तेच सोयीचं आहे, कारण शाळेतल्या बाईंची कुणाला भीती वाटत नाही.

२९ ऑगस्ट १८६८ रोजी माईंनी नायगावहून जोतीरावांना एक पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं सारजा या महार मुलीवर प्रेम बसलं आणि ती गरोदर राहिली. गावानं दोघांना पकडलं, मारत मारत धिंड काढली. आता त्यांना ठार करणार, हे कळताच माई तिकडं धावल्या. इंग्रजी कायद्यानं खुनाची काय शिक्षा होते याची जाणीव त्यांनी जमावाला करून दिली. दोघांचे जीव वाचले. माईंनी त्यांना जोतीरावांकडं पाठवून दिलं.

तेव्हा माईंचं वय होतं ३७. सोबत ना पोलीस, ना संघटना. हाताशी होतं ते कायद्याचं ज्ञान आणि जमावापुढं उभं राहण्याची हिंमत. माईंच्या लेखी शिक्षण म्हणजे हेच.

फुले दाम्पत्याला ब्राह्मणद्वेष्टे म्हणणाऱ्यांनीही हे पत्र वाचावं. वाचलेल्या दोघांत एक ब्राह्मण होता. पुढं १८७४ मध्ये त्यांनी ब्राह्मण विधवा काशीबाईचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. त्यांची लढाई माणसाशी नव्हती, जातीशी होती.

या पत्रानंतर ६८ वर्षांनी, 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय असल्याचं मांडलं. आणि आपल्याच अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) घडलं. गणेश-सारजाच्या वेळी गावात सावित्री होती. सोनईत, खर्ड्यात कोण होतं?

आज इंग्रजांचा नाही, बाबासाहेबांच्या संविधानाचा कायदा आहे. अशा जोडप्यांना संरक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बजावलं आहे. पण कागदावरचा कायदा स्वतःहून चालत गावात जात नाही. तो कुणीतरी घेऊन जावा लागतो.

वस्तीवर काम करताना मला पदवीधर तरुण भेटतात. जयंतीला नाचतात, शेजारची मुलगी परजातीत लग्न करते म्हटल्यावर मात्र गप्प बसतात. काही तर पोटजातीसाठीही अडतात. मित्रांनो, माईंच्या फोटोला हार घालण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या एखादी सारजा आपल्या दारात आली, तर आपण दार उघडणार का?

जय ज्योती! जय सावित्री! जय भीम!