शोध कोणाचा, लाभ कोणाचा?



शोध आणि शोधक हा विषय एखाद्या विद्वान प्राध्यापकाने मांडावा, अशी आपल्या व्याख्यानमालांची रीत आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. चौदाव्या वर्षी मी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरू लागलो, पुढे माग चालवले आणि गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा जगातील सर्व शोधांची यादी आपण माझ्याकडून अपेक्षू नये. मी एकच धागा धरून बोलणार आहे, आणि तो सुताचा आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात रुंद पन्ह्याचे कापड विणायला एका मागावर दोन माणसे लागत. एकाने धोटा फेकायचा, दुसऱ्याने तो झेलून परत फेकायचा. लँकेशायरमधील बरी गावाजवळच्या जॉन के याने १७३३ साली धोट्याला चाके लावली, दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या आणि दोरीच्या एका झटक्यासरशी धोटा या पेटीतून त्या पेटीत पळू लागला. दोन माणसांचे काम एक माणूस करू लागला. या शोधाची कारखानदारांना गोडी लागली. मोबदला द्यायची मात्र कोणाची तयारी नव्हती. त्यांनी चक्क मंडळ स्थापन केले आणि के याने दावे लावले की खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा असे ठरवले. दावे लढता लढता के बुडाला. १७४७ साली तो फ्रान्सला गेला आणि पुढे तिकडेच मेला.

आता माग वेगाने चालू लागले तसे सूत कमी पडू लागले. ब्लॅकबर्नजवळच्या जेम्स हारग्रीव्ह्ज या विणकराने १७६४ च्या सुमारास एक चरखा असा केला की, एकाच चाकावर आठ चात्या फिराव्यात. आपण त्याला ‘जेनी’ म्हणून ओळखतो. १७६८ साली लोकांचा जमाव त्याच्या घरावर चालून आला आणि त्याने यंत्रे मोडून टाकली. हे लोक कोण होते? आपला चरखा आता बंद पडणार, या भीतीने पछाडलेली शेजारपाजारची माणसे. हारग्रीव्ह्ज नॉटिंगहॅमला गेला. १७७० साली त्याने एकाधिकार मिळवला. परंतु त्यापूर्वीच पोटासाठी त्याने काही यंत्रे विकली होती, म्हणून कायद्यापुढे तो टिकला नाही.

तिसरा सॅम्युएल क्रॉम्प्टन. बोल्टनजवळच्या जुन्या वाड्यात राहून, सूत कातीत कातीत त्याने १७७९ साली ‘म्यूल’ हे यंत्र सिद्ध केले. तलम आणि तरीही मजबूत असे सूत त्यावर निघू लागले. एकाधिकार घेण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता. वर्गणी करून बक्षीस देऊ, असे कारखानदारांनी वचन दिले, म्हणून त्याने यंत्र उघड करून दाखवले. वर्गणी जमली सुमारे साठ पौंड! १८११ साली त्याने स्वतः गिरणीगिरणीतून हिंडून मोजदाद केली, तेव्हा त्याच्या पद्धतीच्या चाळीस लाखांहून अधिक चात्या फिरत होत्या.

मग श्रीमंत कोण झाला? रिचर्ड आर्कराइट. हा मूळचा न्हावी, केसांचे टोप करून विकणारा. पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राचा एकाधिकार त्याने १७६९ साली घेतला. त्याची कल्पना खरोखर कोणाची, यावर न्यायालयात वाद झाला आणि १७८५ साली त्याचे हक्क रद्दही झाले. तरीही त्याचे काही अडले नाही. कारण १७७१ पासून क्रॉमफर्डला त्याने गिरणी उभारली होती. इमारत, पाण्याचा प्रवाह, भांडवल आणि घंटेवर कामाला येणारी माणसे त्याच्या हाती होती. १७८६ साली तो ‘सर’ झाला. हा मनुष्य कर्तबगार होता, हे मी नाकारीत नाही. परंतु यंत्राचे फळ यंत्र सुचणाऱ्याच्या पदरात आपोआप पडत नाही, हे या चौघांच्या कहाणीवरून दिसते.

आता १८१२ हे साल पाहा. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने क्रॉम्प्टनला पाच हजार पौंडांचे बक्षीस दिले. कर्ज आणि अपयशी धंदे यांत ते विरून गेले. त्याच वर्षी त्याच पार्लमेंटने, मोजे विणण्याची यंत्रे मोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा केला. लॉर्डांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलायला उभा राहिला तो कवी बायरन. ते त्याचे तेथील पहिले भाषण. ज्यांना ‘लडाईट’ म्हणून आपण अडाणी ठरवतो, त्या नॉटिंगहॅमच्या विणकरांनी पुष्कळदा दर उतरवणाऱ्या आणि हलका माल काढणाऱ्या मालकांचीच यंत्रे निवडून मोडली होती. ब्रिटनमध्ये १८१३ साली सुमारे २,४०० यंत्रमाग होते, १८३३ साली ते लाखाच्या घरात गेले. या वीस वर्षांत हातमागाच्या विणकरांची जी दैना झाली, ती लिहायला वेगळे व्याख्यान लागेल.

हा धागा आपल्याकडेही आला. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. एका कामगाराने अधिक माग, अधिक चात्या सांभाळाव्यात, या योजनेविरुद्ध १९२८ साली मुंबईचे गिरणी कामगार सहा महिने संपावर होते.

आणि येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९८ साली आमच्या भागातील एका कारखान्यात एक जॉबर होता. साध्या मागावर ताण्याची तार तुटली तर ती कामगाराच्या नजरेला येईपर्यंत कापड बिघडते. या गृहस्थाने पत्र्याच्या पट्ट्या आणि सायकलच्या ब्रेकची तार यांतून अशी युक्ती केली की, तार तुटताच पट्टी खाली पडावी आणि माग थांबावा. मालकाने ती सर्व मागांवर बसवली. चार मागांवरचा माणूस सहा माग बघू लागला आणि दोघांना घरी बसवले. जॉबरला काय मिळाले? नारळ आणि पाचशे एक रुपये.

आम्ही फाटकावर सभा घेतली. बोलायला मी उभा राहिलो. त्या दोघांच्या नोकरीबद्दल बोललो ते योग्यच होते. परंतु टाळ्या मिळताहेत असे पाहून मी त्या जॉबरला ‘मालकाचा माणूस’ म्हणालो. तो समोरच उभा होता. महिनाभरात तो गाव सोडून गेला. पुढे कित्येक वर्षांनी वाचनालयात हारग्रीव्ह्जच्या घरावर चालून आलेल्या जमावाची हकीकत वाचली, तेव्हा त्या जमावात मी माझा चेहरा पाहिला. मिरजेच्या बसस्थानकावर एकदा तो भेटला. मी चुकलो, असे मी म्हणालो. तो म्हणाला, “ते जाऊ दे. पट्ट्या अजून पडतात का वेळेवर?”

ज्याला फसवले गेले तो शोधक आणि ज्याचे पोट मारले गेले तो कामगार, हे दोघे एकाच मागाजवळ उभे असतात. त्यांना एकमेकांवर घातले की तिसऱ्याचे काम सोपे होते. मी ते काम फुकट करून दिले होते.

तेव्हापासून आमच्या मागणीपत्रात एक कलम असते: कामगाराने सुधारणा सुचवली तर तिच्या बचतीत त्याचा वाटा, आणि तिच्यापायी कोणालाही कामावरून कमी करायचे नाही. बहुतेक मालक ते कलम खोडतात. एका कारखान्यात मात्र ते मान्य झाले आहे, आणि तेथील कामगार मागाकडे आता जरा निराळ्या नजरेने पाहतात. आज नवी यंत्रे रोज येत आहेत. त्यांचे स्वागत करावे की विरोध, असे मला तरुण कार्यकर्ते विचारतात. त्यांना मी सांगतो, आधी यंत्राचा करार वाचा. आणि ते ज्याला सुचले, तो आपलाच कोणी आहे का, हेही विचारा.