धक्क्यावरच्या नोंदी आणि खरेदीखतातल्या अटी

कोठारी आयोगाचा अहवाल आपल्यापैकी बहुतेकांनी निदान बी. एड.च्या परीक्षेपुरता तरी चाळलेला असतो. १०+२+३ हा आकृतिबंध त्यातलाच. १९६४ साली नेमलेल्या या आयोगाच्या सदस्यांची यादी मात्र सहसा कोणी वाचत नाही. तिच्यात सदस्य-सचिव म्हणून आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच यादीत रॉजर रेव्हेल हे एक अमेरिकन नाव आहे. हे गृहस्थ शिक्षणशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती ती खोल समुद्राच्या तळाशी साचणाऱ्या गाळावर! असा माणूस भारतातल्या शाळांचा विचार करायला दिल्लीत कसा येऊन पोहोचला? उत्तरासाठी आपल्याला कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या सॅन डिएगो शहरात जावे लागेल.

या शहराचा उत्तरेकडचा, कड्यावर वसलेला भाग म्हणजे ला होया. बर्कली येथील विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारे विल्यम रिटर उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रकिनारी येत आणि मिळेल त्या जागेत प्रयोगशाळा थाटत. १९०३ साली सॅन डिएगोत त्यांना एका हॉटेलचे बोटी ठेवण्याचे घर मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स भेटल्या. या बाई पत्रकार होत्या, वृत्तपत्रांच्या धंद्यात त्यांनी मोठा पैसा मिळवला होता आणि तो चांगल्या कामाला लावायची त्यांना हौस होती. त्यांच्या आणि त्यांच्या सावत्र भावाच्या देणग्यांतून ला होयाच्या किनाऱ्यावर कायमची संस्था उभी राहिली. १९१२ मध्ये ती कॅलिफोर्निया विद्यापीठाची झाली आणि १९२५ पासून स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

संस्थेने समुद्रात सुमारे तीनशे मीटर लांबीचा धक्का बांधला. १९१६ च्या ऑगस्टपासून कोणीतरी रोज त्या धक्क्याच्या टोकाला जायचे, पाणी घ्यायचे, त्याचे तापमान आणि क्षारता मोजायची आणि वहीत लिहायचे, असा परिपाठ सुरू झाला. सुरुवातीला यात विशेष असे काय होते? काहीच नाही. एका दिवसाच्या तापमानावरून काही कळत नाही, एका वर्षाच्या आकड्यांवरूनही फारसे नाही. पण महायुद्धे आली आणि गेली, जुना लाकडी धक्का १९८८ मध्ये पाडून नवा बांधला, तरी मोजणी चालूच राहिली. १ ऑगस्ट २०१८ रोजी तिथल्या पाण्याचे तापमान २५.९ अंश सेल्सिअस भरले. हा त्या जागेचा उच्चांक आहे हे तत्काळ सांगता आले, कारण आधीचा उच्चांक १९३१ चा होता आणि तो वहीत होता. आपल्या शाळेच्या विहिरीचे पाणी रोज प्रार्थनेनंतर एका मुलाने मोजून फळ्यावर लिहिले, तर वर्षअखेर वर्गाला बोलायला केवढा विषय मिळेल!

रेव्हेल या संस्थेत १९३१ मध्ये विद्यार्थी म्हणून आले. त्यांच्या पत्नी एलेन या एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स यांच्या घराण्यातल्या, म्हणजे ला होया हे त्यांचे एका अर्थी सासर. १९५० च्या सुमारास ते संस्थेचे संचालक झाले. उंची सहा फुटांच्या बरीच वर, स्वभाव माणसे जोडण्याचा, आणि अनेक कामे एकाच वेळी अंगावर घेण्याची सवय.

१९५७ मध्ये त्यांनी आणि हान्स सूस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला मुद्दा दहावीच्या रसायनशास्त्रावरून समजण्याजोगा आहे. कोळसा आणि तेल जाळून जो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो तो बहुतेक सगळा समुद्र गिळून टाकतो, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. समुद्र एवढा मोठा, मग का नाही गिळणार? पण हा वायू पाण्यात नुसता विरघळून राहत नाही. पाण्यातील कार्बोनेट आयनांशी त्याची क्रिया होऊन बायकार्बोनेट तयार होते. जितका वायू जास्त शिरतो तितके कार्बोनेट खर्ची पडते आणि आणखी वायू सामावून घेण्याची पाण्याची ताकद घटते. परिणामी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड १० टक्क्यांनी वाढला, तर पृष्ठभागाच्या पाण्यातील एकूण विरघळलेला कार्बन जेमतेम एका टक्क्याने वाढतो. या प्रमाणाला पुढे रेव्हेल यांचेच नाव मिळाले. म्हणजे जाळलेल्या कोळशाचा बराचसा हिशोब हवेतच शिल्लक राहणार होता.

तो राहतो की नाही हे मोजायचे कोणी? रेव्हेल यांनी चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाला १९५६ मध्ये ला होयाला आणले. येथे दोघांचे मत जुळत नव्हते. जगभर एकदा मोजावे आणि वीसेक वर्षांनी पुन्हा मोजून फरक पाहावा, अशी रेव्हेल यांची कल्पना. कीलिंग मात्र एकाच जागी, अखंड आणि अतिशय काटेकोर मोजणीचा आग्रह धरून बसले. १९५८ च्या मार्चमध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर त्यांचे यंत्र सुरू झाले, तेव्हा आकडा आला दहा लाख भागांत सुमारे ३१३ भाग. शिष्य बरोबर होता, गुरू चुकले होते. पण त्याला पैसे आणि जागा देणारे गुरूच होते, हेही विसरता कामा नये. १९६४ मध्ये सरकारी अनुदान कापले गेल्याने काही महिने मोजणी बंद पडली आणि ती फट आलेखात कायमची राहिली. २०२५ च्या मे महिन्याची सरासरी ४३० च्या वर गेली आहे. कीलिंग २००५ मध्ये वारले. हे काम पुढे त्यांचा मुलगा राल्फ यांनी त्याच संस्थेत चालवले.

रेव्हेल यांना मात्र एका संस्थेवर समाधान नव्हते. त्यांना त्या कड्यावर संपूर्ण विद्यापीठ हवे होते, आणि तेही उलट्या क्रमाने बांधायचे होते. आधी उत्तम संशोधक आणायचे, त्यांच्या हाताखाली डॉक्टरेटचे विद्यार्थी घ्यायचे आणि पदवीच्या मुलांना शेवटी बोलवायचे. घराला आधी छप्पर घालावे तसा हा प्रकार. जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेले हॅरॉल्ड युरी शिकागोतून निवृत्त होऊन १९५८ मध्ये आले. १९६० मध्ये मारिया गेपर्ट मायर आल्या. अणुकेंद्राची कवचरचना उलगडणाऱ्या या विदुषीने पतीच्या नोकरीच्या गावी वर्षानुवर्षे बिनपगारी काम केले होते. पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले ते येथे, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. तीन वर्षांनी त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, तेव्हा एका स्थानिक वर्तमानपत्राने मथळा दिला तो सॅन डिएगोच्या एका आईला नोबेल मिळाले अशा अर्थाचा!

आणि येथेच ते कोडे उभे राहिले, ज्याला ना रसायनशास्त्र उपयोगी होते ना पैसा. प्राध्यापक येणार, तर राहणार कुठे? ला होयातल्या अनेक घरांच्या खरेदीखतांत लिहिलेले असे की ही मालमत्ता गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणाला विकता येणार नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. अटी पाळणाऱ्यांना कोर्टाची गरज नव्हतीच. त्यातून ज्यू लोकांसाठी तर लेखी अटीही लागत नसत. घरांचे दलाल आपसांत समजून घेत. ग्राहकाचे नाव ऐकले की दाखवायला घरच नसे. बदलीच्या गावी खोली शोधताना 'आडनाव काय?' या प्रश्नानंतर आवाजात पडलेला फरक ज्या शिक्षकांनी अनुभवला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता त्या काळचे अमेरिकन विज्ञान डोळ्यांसमोर आणा. हिटलरच्या राज्यातून निसटून आलेले ज्यू शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतच वाढलेले ज्यू शास्त्रज्ञ वगळले, तर पदार्थविज्ञानाचे किती विभाग चालले असते? रेव्हेल यांच्या संस्थेतच मूळचे व्हिएन्नाचे वॉल्टर मंक होते, त्यांचे आजोळ ज्यू. लाटांचा अंदाज बांधण्याची जी पद्धत त्यांनी संचालक स्वेर्द्रुप यांच्यासह युद्धकाळात बसवली, ती नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरवताना वापरली गेली. रेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये एक संघ काढून संस्थेला लागून जमीन घेतली आणि आपसांत घरे बांधली. पण विद्यापीठाला एवढ्याने पुरणार नव्हते. तेव्हा रेव्हेल यांनी दलालांना आणि गावकऱ्यांना स्पष्ट सांगितले की विद्यापीठ हवे असेल तर हा बहिष्कार सोडा, दोन्ही मिळणार नाही. हे ते बोलले ते परक्या माणसासारखे नव्हे. ज्यांच्या घरी जेवायला जायचे त्यांनाच हे ऐकवायचे होते, आणि ते अधिक अवघड असते.

गावाचा विरोध एका दिवसात मावळला नाही, पण विद्यापीठ आल्यावर ही प्रथा टिकूही शकली नाही. १९६० मध्ये विद्यापीठाला कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन डिएगो हे नाव मिळाले. रेव्हेल मात्र त्याचे पहिले चॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंसारखे प्रमुख, झाले नाहीत. विश्वस्त मंडळातले एडविन पॉली या तेलव्यावसायिकाशी त्यांचे जागेवरून जोरदार भांडण झाले होते. जवळच्या मिरामार तळावरच्या जेट विमानांच्या आवाजामुळे ला होया योग्य नाही असे पॉली यांचे म्हणणे. रेव्हेल हटायला तयार नव्हते. दलालांशी घेतलेल्या वैराचाही त्यात वाटा असावा असे अनेकांनी म्हटले आहे. कसेही असो, १९६१ मध्ये ते पद अणुशास्त्रज्ञ हर्बर्ट यॉर्क यांना मिळाले.

१९६४ मध्ये नौसैनिकांचा गोळीबाराच्या सरावाचा तळ विद्यापीठाच्या ताब्यात आला आणि पदवीचे पहिले विद्यार्थी दाखल झाले. ते दोनशेहूनही कमी होते. आज विद्यार्थ्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर आहे. मोठ्या विद्यापीठात मूल हरवू नये म्हणून त्याची छोट्या छोट्या महाविद्यालयांत विभागणी केली गेली, प्रत्येकाचा सर्वसाधारण अभ्यासक्रम निराळा. पहिल्याला रेव्हेल यांचे नाव दिले. तिसऱ्याच्या वेळी विद्यार्थ्यांनीच प्रश्न विचारला. कड्यावरच्या या ज्ञानमंदिरात काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले इतकी थोडी का? १९६९ मध्ये त्यांनी तिसरे महाविद्यालय मुख्यतः आपल्यासारख्यांसाठी असावे, आणि काँगोचे लुमुंबा व मेक्सिकोचे झापाटा यांचे नाव त्याला द्यावे, अशी लेखी मागणी केली. मागणी करणाऱ्यांत तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनी अँजेला डेव्हिस होत्या. १९७० मध्ये महाविद्यालय सुरू झाले. ते नाव काही मिळाले नाही. वीसेक वर्षे त्याला नुसते तिसरे महाविद्यालय म्हणत. १९९३ मध्ये त्याला थर्गुड मार्शल यांचे नाव देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाचे हे पहिले काळे न्यायमूर्ती. १९४८ मध्ये खरेदीखतांतल्या त्या अटींविरुद्धच्या खटल्यांपैकी एक वकील म्हणून त्यांनीच लढवला होता.

रेव्हेल १९६४ मध्ये सॅन डिएगो सोडून हार्वर्डला लोकसंख्येच्या अभ्यासकेंद्राचे प्रमुख म्हणून गेले. आणि त्याच वर्षी कोठारी आयोगावर आले. भारत त्यांना अगदी नवा नव्हता. १९५७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरसंशोधन समितीचे ते पहिले अध्यक्ष. हिंदी महासागराच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेची आखणी त्या समितीने केली, आणि त्या मोहिमेच्या शेवटी, १ जानेवारी १९६६ रोजी, आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावलाला सहलीला गेलेल्या शाळांनी तिची इमारत पाहिली असेल.

आयोगाचा अहवाल २९ जून १९६६ रोजी शिक्षणमंत्री चागला यांच्या हाती पडला. त्यात शेजारशाळेची शिफारस आहे. वस्तीतली सगळी मुले, जात, धर्म, पैसा न पाहता, वस्तीतल्या एकाच शाळेत जावीत, अशी ती कल्पना. अहवाल सामूहिक आहे, त्यामुळे हे रेव्हेल यांचे म्हणणे असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण त्या कागदावर सही करणाऱ्यांपैकी एकाने शेजार या शब्दाची किंमत आपल्या गावात मोजलेली होती, एवढे खरे. ही शिफारस आपल्याकडे अहवालातच राहिली.

१९७० च्या दशकाच्या मध्यास रेव्हेल ला होयाला परतले आणि १९९१ मध्ये वारले, तोपर्यंत त्यांनी स्थापलेल्या विद्यापीठात शिकवत राहिले. कॅलिफोर्नियात जुन्या खरेदीखतांतली ती वाक्ये अजूनही दप्तरात सापडतात. २०२१ मध्ये राज्याने कायदा करून ती शोधून त्यांवर काट मारण्याचे काम जिल्ह्यांच्या नोंदणी कार्यालयांवर सोपवले. दस्त लाखोंच्या संख्येने आहेत, आणि एकेक पान तपासावे लागते.