वृद्धांवरील गुंगीकारक औषधांचा भार : मोजमापाचा इतिहास

बार्बिट्युरेटांपेक्षा सुरक्षित म्हणून १९६० च्या दशकात बेंझोडायझेपिन औषधे रूढ झाली. अमेरिकेतील वृद्ध-शुश्रूषागृहांत मात्र गुंगीची औषधे रुग्णास शांत ठेवण्याचे साधन बनली. १९८७ च्या कायद्याने या 'रासायनिक बंधना'स आळा घालण्याचा प्रयत्न केला. १९९१ मध्ये मार्क बीअर्स व सहकाऱ्यांनी वृद्धांना टाळावयाच्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. परंतु यादी एकेका औषधास दोषी ठरविते; चार 'निर्दोष' गोळ्यांची बेरीज ती करीत नाही.

ही बेरीज सारा हिल्मर व सहकाऱ्यांच्या २००७ मधील 'औषधभार निर्देशांका'त आली. गुंगी आणणाऱ्या वा अ‍ॅसिटिलकोलीनचे कार्य रोखणाऱ्या प्रत्येक औषधाच्या दैनिक मात्रेस, ती मात्रा अधिक शिफारस केलेली किमान मात्रा, या संख्येने भागावयाचे. किमान मात्रेस ०.५ अंक मिळतो. मात्रा कितीही वाढली तरी अंक १ च्या आतच राहतो. सर्व अंकांची बेरीज म्हणजे भार. ७० ते ७९ वर्षे वयाच्या ३,०७५ व्यक्तींच्या अभ्यासात अधिक भार असलेल्यांची शारीरिक व बौद्धिक कार्यक्षमता कमी आढळली.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. या व्यक्ती निवडीच्या वेळी चालत्याफिरत्या होत्या. ज्यांच्यासाठी हे माप हवे, ते जर्जर वृद्ध त्यांत नव्हतेच. मंदावलेल्या मूत्रपिंडाची दखलही हे सूत्र घेत नाही. शुश्रूषागृहांतील वृद्धांच्या पडण्याशी या भाराचा संबंध ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविला.