दाह : विकार की संरक्षण? मेचनिकॉफचा सिद्धान्त आणि मुंबईची प्लेगची लस

शरीराच्या एखाद्या भागी लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार लक्षणे एकत्र दिसली की तो दाह होय, अशी नोंद रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केली. पुढे जॉन हंटरसारखे अपवाद वगळता वैद्यकाने दाहाकडे प्रामुख्याने विकार म्हणूनच पाहिले. ही दृष्टी कशी पालटली आणि तिचा मुंबईतील प्लेगच्या लशीशी काय संबंध होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दाहाच्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून बाहेर पडतात, हे ज्युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये दाखविले होते. तथापि या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असा अनेक विकृतिशास्त्रज्ञांचा समज होता. म्हणजे पहारेकऱ्यालाच चोराचा साथीदार ठरविण्यात आले होते! १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभकाच्या त्वचेखाली गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला त्यांना दिसला. या प्रयोगाचे खरे मर्म निराळेच आहे. त्या डिंभकाला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तेथे लाली वा उष्णता संभवत नाही, तरीही पेशी जमल्या. यावरून मेचनिकॉफ यांनी असा निष्कर्ष काढला की, दाहाचा गाभा पेशींचा प्रतिकार हा असून रक्तवाहिन्यांचा सहभाग ही उत्क्रांतीतील नंतरची भर आहे. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या दाहविषयक व्याख्यानांत त्यांनी हे सविस्तर मांडले.

या मताला विरोध झाला. १८९० मध्ये बर्लिन येथे बेहरिंग व कितासातो यांनी रक्तजलातील प्रतिविषाचा शोध लावला आणि प्रतिकार पेशींचा की रक्तजलाचा, हा वाद पेटला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले, तेव्हा समेट झाला असे सामान्यतः सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास मात्र वाटते की, व्यवहारात ही दोन मते त्याआधीच, मुंबईत, एकत्र आली होती.

वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. पटकीच्या लशीचे काम भारतात १८९३ पासून करणारे हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगग्रस्त मुंबईत आले व ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी काम आरंभिले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने त्यांनी जंतूंची वाढ केली व ते उष्णतेने मारले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. त्यांनी मृत जंतू गाळून वेगळे केले नाहीत. जंतू आणि त्यांची विषद्रव्ये उतरलेला द्रव, दोन्ही एकत्रच टोचले. गुरूच्या पेशीवादाचा आग्रह त्यांनी धरला नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात प्लेगचे रुग्ण कमी आढळले. परंतु प्लेगप्रतिबंधाच्या नावाखाली घरांची झडती घेणाऱ्या सरकारविषयी लोकांत धास्ती होती. अशा काळात धडधाकट माणसाला ताप आणणारी सुई संशयास्पद वाटावी, यात नवल नाही. त्या लोकांना केवळ अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल; सूज व ताप म्हणजे आजार, हीच समजूत वैद्यकानेही शतकानुशतके जोपासली होती.

तो ताप नेमका का येतो, याचे उत्तर हाफकिन यांच्यापाशीही पूर्णतः नव्हते. अशा जिवाणूंच्या बाह्य आवरणातील अंतर्विष ओळखून दाहाची प्रक्रिया सुरू करणारा पेशींवरील ग्राहक ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरांवरील संशोधनातून निश्चित केला. हाफकिन १९३० सालीच लोझान येथे निवर्तले होते.